लिंगदर्शक शब्द : कोठे हवेत, कोठे नकोत?

इंग्रजी व्याकरणातील 'मॅस्क्युलिन' आणि 'फेमिनिन' हे दोन रकाने तुम्ही पाठ केले असतील. एकात गँडर, ड्रेक, रॅम. समोर गूज, डक, यू. पण ही जोडनावे मुळात का निर्माण झाली, असा प्रश्न तुम्हांला कधी पडला का?

गोठ्यात जा, उत्तर सापडेल. दूध देते ती 'काउ', पैदाशीसाठी ठेवलेला 'बुल', खच्ची करून औताला जुंपलेला 'ऑक्स'. आपणही गाय, वळू, बैल म्हणतोच. जनावरे पाळणाऱ्याचे या भेदावाचून अडते, म्हणून तिघांना तीन नावे.

नाव चुकले तर समजूतही चुकते. पोळ्यातील मुख्य माशीला युरोपात शतकानुशतके 'किंग' मानीत. चार्ल्स बटलर याने १६०९ मध्ये आपल्या इंग्रजी ग्रंथात ती राणी असल्याचे ठासून सांगितले. पुढे त्याच शतकात यान स्वामरडॅम या डच शास्त्रज्ञाने विच्छेदन करून तिची अंडाशये दाखविली. येथे 'क्वीन' हा शब्द खरी माहिती देतो, तो हवाच.

आता माणसांकडे येऊ. पूर्वी विज्ञानाच्या अभ्यासकाला इंग्रजीत 'मॅन ऑफ सायन्स' म्हणत. १८३४ मध्ये विल्यम ह्यूएल याने मेरी सोमरव्हिल या विदुषीच्या ग्रंथाचे परीक्षण लिहिले. त्यात 'सायंटिस्ट' हा शब्द छापून आला. त्याला सर्व शाखांच्या अभ्यासकांसाठी एकच शब्द हवा होता. पण मिळाला तो स्त्रीपुरुष दोघांनाही लागू पडणारा!

पदार्थविज्ञानात चाल सांगताना आपण दिशा सांगत नाही. वेग सांगताना मात्र सांगावीच लागते. शब्दांचेही तसेच असावे, असे माझे मत आहे. आजारी बाईला तपासणीसाठी स्त्री डॉक्टरच हवी असेल, तर तसे जरूर म्हणावे. एरवी 'लेडी डॉक्टर' कशाला? तसे म्हणताना नुसता 'डॉक्टर' म्हणजे पुरुषच, असे आपण नकळत गृहीत धरतो.

ही चूक मीही केली आहे. प्रयोगाच्या सूचनांत मी वर्षानुवर्षे लिहीत असे, 'द स्टुडंट शुड नोट हिज रीडिंग्ज.' एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, आणि आमची रीडिंग्ज?" मजजवळ उत्तर नव्हते. मी 'हिज' खोडून 'द' लिहिले. वाक्याचे काहीच बिघडले नाही.

तुम्हीही एक प्रयोग करा. इंग्रजी पुस्तकातील गणिते घ्या. लिफ्टमध्ये उभा असलेला 'मॅन' ६० किलोग्रॅमचा आहे, हे उत्तरासाठी लागते. तो पुरुष आहे, हे लागते का? अशी वाक्ये मोजा, 'मॅन'च्या जागी 'पर्सन' लिहा आणि गणित पुन्हा सोडवा. उत्तर तेच येईल. शिक्षकांनीही हा प्रयोग वर्गात अवश्य करून पाहावा. ज्या मुलीला त्या लिफ्टमध्ये आजवर जागा नव्हती, तिला ती मिळेल.