सोनईचा आरोग्य अधिकारी कोणाला उत्तरदायी?

१/ सोनई, तालुका नेवासा, जिल्हा अहिल्यानगर. मुळा सहकारी साखर कारखान्याचे आणि शनिशिंगणापूरच्या शेजारचे गाव. अशा गावात साथ आली तर सरकारी डॉक्टरला जाब विचारण्याचा अधिकार कोणाला? या प्रश्नामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

२/ फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. पुण्याच्या प्लेग समितीचे अध्यक्षपद वॉल्टर रँड या मुलकी अधिकाऱ्याकडे आले. नेमणूक सरकारची, घरझडतीला लष्कर, आणि सद्‌हेतूने केलेल्या कृतीबद्दल दावा लावता येणार नाही असे कायद्याचेच कलम. शहराने दाद मागावी कोठे? २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. दाद मागण्याची दारे बंद झाली की संताप कोणत्या वाटेने जातो, याचा तो दाखला होय.

३/ १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे त्यांच्याकडे गेली. जिल्हा आरोग्य अधिकारी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या हाताखाली आला. वर लोकनियुक्त सदस्यांची आरोग्य समिती बसली. प्रथमच देखरेखीत मतदाराचा हात आला.

४/ तो हात मात्र अर्धाच होता. आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी राज्यसेवेतला. ग्रामीण रुग्णालय तर जिल्हा परिषदेच्या कक्षेबाहेर, जिल्हा शल्यचिकित्सकाच्या अखत्यारीत. रुग्ण एकच, पण तक्रारीच्या वाटा दोन.

५/ याच जिल्ह्याच्या दक्षिणेस, जामखेडला, १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी वेगळी वाट चोखाळली. आरोग्यसेविका गावानेच निवडायची. निवडलेल्यांपैकी अनेकजणी निरक्षर, दलित समाजातल्या. प्रशिक्षण डॉक्टरांचे, पण बांधिलकी गावाशी. या प्रयोगाची दखल जागतिक आरोग्य संघटनेनेही घेतली.

६/ २००५ नंतर आलेल्या ‘आशा’ची निवडही ग्रामसभेमार्फत व्हावी, असा नियम झाला. परंतु आशा मानधनावर राबणारी. म्हणजे गावाच्या हाती निवड आली ती उतरंडीच्या तळाशी. जितका अधिकार मोठा, तितका नेमणारा दूर.

७/ ‘गावाने डॉक्टर नेमला तर पुढाऱ्याचा भाचाच नेमला जाईल’ हा आक्षेप रास्त आहे. नेमणूक गुणवत्तेवर, राज्यस्तरावरच व्हावी. पण नेमणे आणि देखरेख करणे ही दोन भिन्न कामे आहेत. शिक्षण पारखायला तज्ज्ञ लागतो. दवाखाना उघडा होता की कुलूपबंद, हे सांगायला गावकरी पुरेसा असतो.

८/ मार्च २०२२ मध्ये या जिल्हा परिषदेची मुदत संपली. निवडणूक न होता कारभार प्रशासकाकडे गेला. लोकनियुक्त आरोग्य समितीच उरली नाही. ज्याच्या हाताखाली यंत्रणा, तोच तिचा पर्यवेक्षक. १९६२ मध्ये मिळालेला अर्धा हातही अशा रीतीने आखडला.

९/ ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती, रुग्ण कल्याण समिती, जनसुनवाई ही साधने उपलब्ध आहेत. त्यांना वजन नाही. ग्रामसभेचा वार्षिक अभिप्राय वैद्यकीय अधिकाऱ्याच्या गोपनीय अहवालात नोंदवणे बंधनकारक व्हावे. नेमणुकीचा कागद मुंबईहून यावा. कामाचा दाखला सोनईने द्यावा.