अंदमानातील चितळ व आमची भूतदया

अंदमानास जाऊन येणाऱ्या मराठी कुटुंबांचा एक ठरलेला क्रम होऊन बसला आहे. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे मस्तक नमवावे, सायंकाळी तेथील प्रकाश-ध्वनीचा कार्यक्रम पाहावा आणि दुसऱ्या दिवशी बोटीने समोरच्या रॉस बेटावर जावे. (2018 सालापासून या बेटाचे नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे आहे.) पहिल्या दोन गोष्टींविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही, तिसरीविषयी मात्र बोलणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही तेथे गेलो, तेव्हा इंग्रज अमदानीतील पडक्या भिंतींच्या सावलीत चितळांचा एक कळप निर्धास्त उभा होता आणि आमच्याच बोटीतून आलेली मंडळी त्यास बिस्किटे चारीत होती. ‘या बिचाऱ्यांना मारून टाका म्हणणारे लोक आहेत म्हणे!’ असे एक वृद्ध गृहस्थ कळवळून आम्हांस म्हणाले. तसे म्हणणाऱ्यांत आम्हीही आहोत, हे सांगण्याचे धैर्य त्या वेळी आम्हांस झाले नाही. ते आता सांगतो.

चितळ हा अंदमानचा प्राणी नव्हे. साहेबलोकांस शिकारीची हौस भागविता यावी म्हणून तो इंग्रजांनी भारतातून तेथे नेऊन सोडला. त्या बेटांवर मूळची हरणे नव्हती, त्यामुळे हरणांस खाणारा वाघ किंवा बिबट्याही नव्हता. मोठे असे रानजनावर म्हणजे काय ते रानडुक्कर. चितळास हे नंदनवनच सापडले. तो उत्तम पोहतो; पोहत पोहत तो एका बेटावरून दुसऱ्या बेटावर गेला आणि बघता बघता बहुतेक अंदमान त्याने व्यापले. 1950 नंतरच्या काही वर्षांत त्याच्या बंदोबस्तासाठी बिबटे सोडूनही पाहण्यात आले, पण ते टिकले नाहीत. एक चूक निस्तरण्यासाठी दुसरी चूक करावयाची आणि ती फसली म्हणजे स्वस्थ बसावयाचे, हा सरकारी शहाणपणा केवळ इंग्रजांपुरता मर्यादित नव्हता, एवढाच याचा अर्थ.

‘पण रान तर हिरवेगार दिसते!’ असे कोणी म्हणेल. दिसते खरेच. चितळ मोठ्या वृक्षांस धक्का लावीत नाही. तो खातो ती रोपे. ज्या झाडांच्या रोपांस हरणाचा दात कधी ठाऊकच नव्हता, त्यांच्यावर हे शेकडो दात अहोरात्र चालू राहिले. परिणाम असा की, चितळांचा सुळसुळाट आहे तेथे वर उंच छत्र आणि खाली मोकळी जमीन. ज्या घरात आजोबा-पणजोबा ठणठणीत आहेत पण पाळणा हलत नाही, त्या घरास आपण भाग्यवान म्हणत नाही. रानास मात्र म्हणतो, कारण रानाचे म्हातारपण माणसाच्या आयुष्याहून लांब असते. खालची झुडपे नाहीशी झाली म्हणजे त्यांच्या आश्रयाने राहणारे जीवही जातात. चितळ जास्त तेथे सरडे-पालींसारखे प्राणी कमी, असे संशोधकांस आढळून आले आहे. यांतील कित्येक जाती जगाच्या पाठीवर अंदमानाखेरीज कोठेच नाहीत. परंतु पालीस बिस्किट कोण घालतो?

भूतदयावाद्यांचा खरा आधार आहे तो शाकुंतलाचा. बाण लावून हरणामागे धावणाऱ्या दुष्यंतास अडविणारा तो तपस्वी आणि सासरी निघालेल्या शकुंतलेचा पदर ओढणारे ते पाडस, यांवर आमच्या पिढ्या वाढल्या. आम्हीही वाढलो. पण त्या तपस्व्याने अभय मागितले ते आश्रमातल्या मृगापुरते. उभ्या अरण्यात कोणी शिकारीच नसावा, असे त्याचे म्हणणे नव्हते.

याहून आश्चर्य कायद्याचे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळास संरक्षण दिले, ते नागझिऱ्यात योग्यच आहे. पुढे 2022 साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन उपद्रवी परक्या जातींची व्याख्या करण्यात आली. ती अशी की, जी जात मूळची भारतातली नाही ती परकी. म्हणजे चितळ सुटला! तो भारतीय, अंदमान भारतात, तेव्हा तो तेथे स्वदेशातच आहे. चेन्नईहून सुमारे बाराशे किलोमीटर समुद्रापलीकडे, ब्रह्मदेशास अधिक जवळ असलेल्या या बेटांवर हरणाने पाऊल ठेवले नव्हते, ही गोष्ट व्याख्येच्या खिजगणतीतही नाही. नकाशावरचा रंग पाहून रान वाढत नसते. काँग्रेस गवत 1955 साली पुण्यात प्रथम आढळले. ते परदेशी म्हणून आम्ही त्यास शिव्या मोजतो व उपटून काढतो. चितळाच्या पाठीवर सुंदर ठिपके नसते, तर त्याच्याविषयी आमची भाषा हीच राहिली असती काय?

हत्तींचे प्रकरण निराळे आणि अधिक करुण आहे. मध्य अंदमानच्या पश्चिमेस इंटरव्ह्यू नावाचे बेट आहे. लाकूडतोडीसाठी तेथे नेलेले सुमारे 40 हत्ती, कलकत्त्याच्या एका कंपनीचा धंदा 1962 साली बसला तेव्हा, तसेच टाकून देण्यात आले. आयुष्यभर ओंडके ओढणाऱ्या जनावरास असा निरोप! ते रानटी झाले, त्यांची पिलावळ झाली, आणि त्यांनीही सालींचे सोलणे व झाडे मोडणे आरंभिले. या हत्तींवर कोणी बंदूक उचलावी असे आम्ही म्हणणार नाही. त्यांची संख्या थोडी आहे, बेट एक आहे. लक्ष ठेवणे, वाढ रोखणे शक्य आहे. चितळांचे तसे नाही.

आणि हटविणे अशक्य असते असेही नाही. नारकोंडम हे जेमतेम 7 चौरस किलोमीटरांचे बेट, तेथे आहे तो धनेश जगात दुसरीकडे कोठेही नाही. पोलीस चौकीतल्या माणसांच्या सोयीसाठी तेथे शेळ्या नेल्या. त्यांनी कोवळी रोपे फस्त करण्यास सुरुवात केली, तेव्हा ज्या झाडांच्या ढोलीत धनेश घरटे करतो त्या झाडांच्या वारसांचा प्रश्न उभा राहिला. अखेर शेळ्या हलविण्यात आल्या. कोणाच्या डोळ्यांत पाणी आल्याचे ऐकिवात नाही. शेळीच ती!

आम्ही जन्माने व सवयीने शाकाहारी आहोत, आणि जे लिहीत आहोत ते लिहिताना आम्हांस सुख होत नाही. तरी स्पष्ट सांगतो : पकडून हलविता येतील तेवढे चितळ हलवावेत, पण मध्य व उत्तर अंदमानच्या दाट रानातून ते सारे जाळ्यात सापडतील, अशी आशा करणे म्हणजे स्वतःस फसविणे होय. उरलेल्यांची शिकार करावी लागेल, ती सरकारने उघडपणे व जाणत्या माणसांकडून करवावी, आणि त्यासाठी वरील व्याख्येत ‘भारतातली’ या शब्दाऐवजी ‘त्या प्रदेशातली’ असा शब्द घालून घ्यावा. आमच्या वाचकांपैकी जे या हिवाळ्यात अंदमानास जाणार असतील, त्यांनी बिस्किटांचे पुडे घरीच ठेवावेत, आणि एखाद्या जंगलवाटेवर वाटाड्यास थांबवून वर न पाहता खाली पाहावे, रोपे कितीशी दिसतात ते मोजावे.