हायब्रिड मोटार आणि मारेगावचा हिशेब

पेट्रोल वाचविणारी मोटार ही राष्ट्रसेवाच होय, म्हणून तिच्यावरील कर सरकारने सोडून द्यावा, असा युक्तिवाद मोटार-कारखानदार आणि काही राज्यकर्ते करीत आले आहेत. केंद्रीय रस्तेवाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०२४ साली हायब्रिड गाड्यांवरील वस्तू-सेवा कर ५ टक्क्यांवर आणण्याचा आग्रह धरला. उत्तर प्रदेश सरकारने त्याच वर्षी अशा गाड्यांचा नोंदणीकर माफ केला. हा युक्तिवाद यवतमाळ जिल्ह्यातील मारेगावात उभे राहून तपासला पाहिजे.

या गाडीचे गुण प्रथम प्रामाणिकपणे मान्य करावेत. ब्रेक लावताना एरवी वाया जाणारी शक्ती ती बॅटरीत साठविते. चार्जिंगची सोय नसलेल्या गावीही ती अडून राहत नाही. २०२२ च्या मे महिन्यात आलेल्या होंडा सिटीच्या हायब्रिड आवृत्तीला चाचणीत लिटरमागे २६.५ किलोमीटर मिळाले. साध्या पेट्रोल सिटीला सुमारे १८. कच्च्या तेलाची ८५ टक्क्यांहून अधिक गरज आयातीवर भागविणाऱ्या देशात ही बचत क्षुल्लक नव्हे.

परंतु ती कोणाला, कोठे आणि काय मोजून मिळते? त्या वेळी हायब्रिड सिटीची किंमत साडेएकोणीस लाखांच्या घरात होती. साध्या गाडीच्या वरच्या आवृत्तीहून सुमारे चार लाखांनी जास्त. वर्षाला १२,००० किलोमीटर धावणे आणि लिटरला १०५ रुपये दर धरला, तर वर्षाकाठी वाचतात सुमारे साडेबावीस हजार. म्हणजे व्याज न धरताही जादा किंमत फिटण्यास जवळजवळ अठरा वर्षे हवीत. बॅटरीची हमी आहे आठ वर्षांची! शिवाय हे तंत्र खरी बचत करते ते शहराच्या थांबत-रखडत चालणाऱ्या गर्दीत. वणी–करंजी मार्गावर एकसारख्या वेगाने धावताना मुख्य भार इंजिनच वाहते, आणि बचत आणखी आटते.

आता दुसरा हिशेब. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. त्या भावाने अशी एक गाडी म्हणजे २४० क्विंटल कापूस. कोरडवाहू रानात एकरी पाच क्विंटल पिकले असे मानले, तरी बियाणे, खत, वेचणी यांचा एक पैसाही वजा न करता ४८ एकरांचे सारे पीक एका मोटारीत जाते. मारेगाव तालुक्यात असा शेतकरी किती सापडेल? ज्याला ही गाडी घ्यायची ऐपत आहे, त्याने ती खुशाल घ्यावी. रात्री-अपरात्री रुग्णाकडे धावणाऱ्या डॉक्टरला मोटार ही चैन नव्हे. मात्र त्याच्या पसंतीचे ओझे सार्वजनिक तिजोरीवर का?

हे नुसते भय नाही, अनुभव आहे. २०१५ साली ‘फेम’ योजना आली, तेव्हा नाममात्र विजेची जोड दिलेल्या डिझेल सियाझसारख्या गाड्यांनाही अनुदान मिळत होते. २०१७ मध्ये ते बंद करावे लागले. राज्यकर्त्यांचा क्रम पाहा : २०२५ च्या जानेवारीत एस.टी.चे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. ऑगस्टमध्ये कापसावरील ११ टक्के आयातशुल्क उठविले गेले आणि ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत लांबविली गेली. सप्टेंबरमध्ये मोठ्या हायब्रिड मोटारीचा कर ४३ टक्क्यांवरून ४० वर आला. बसवरील करही २८ वरून १८ वर आला, हे खरे. पण विजेच्या मोटारीवर, ती कितीही महाग असो, ५ टक्केच कर आहे. पन्नास माणसे वाहणाऱ्या डिझेल बसला १८ आणि एका कुटुंबाच्या विजेवरील मोटारीला ५, हा न्याय कोणता? हायब्रिडला तीच सवलत देणे म्हणजे हा अन्याय आणखी रुंद करणे होय.

पेट्रोल वाचवावयाचे असेल, तर ते दरडोई मोजले पाहिजे. भरलेली बस जुन्या इंजिनाची असली, तरी एकट्या प्रवाशाच्या हायब्रिडहून माणशी कमी इंधन जाळते. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली ती याच समाजवादी विचाराच्या बळावर : रस्ता सर्वांचा, तर वाहनही सर्वांचे. २०२३ च्या मार्चपासून स्त्रियांना मिळालेली निम्म्या भाड्याची सवलत शेतमजूर बाईपर्यंत पोहोचते. मोटारीवरील करमाफी तिच्या अंगणापर्यंतही जात नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी मोटार घेणाऱ्याशी भांडू नये. करसवलत मागणाऱ्याशी भांडावे. मारेगावातून पाड्या-पोडांपर्यंत वेळेवर सुटणारी बस, तिच्यासाठी निधी आणि तिच्या कामगाराला पुरते वेतन, ही आपली मागणी असली पाहिजे. हायब्रिडचा हिशेब ग्राहकाने आपल्या खिशातून करावा. तिजोरीचा हिशेब मात्र जनतेने मागितलाच पाहिजे.