नाल्यात वाहून जाणारे खत

रायपूरच्या सदर बाजारात सराफी पेढ्यांची दाटी आहे. सराफी धंद्यात केरालाही मोल असते; सोनाराच्या दुकानातील राख व धूळ धुऊन सोन्याचे कण वेगळे करणाऱ्याला मराठीत झारेकरी असे नावच आहे. परंतु ही जाणती दृष्टी बाजारपेठेतील मुताऱ्यांपर्यंत अद्याप पोहोचलेली नाही. तेथून काय वाहून जाते, याचा हिशेब कोणी मांडीत नाही.

तो मांडण्याजोगा आहे. नागरी सांडपाण्यात मूत्राचे प्रमाण शेकडा १ हूनही कमी असते. मात्र त्यातील नत्रापैकी शेकडा ८० च्या आसपास आणि स्फुरदापैकी जवळजवळ निम्मे मूत्रातूनच येते. आहारमानाप्रमाणे एका माणसाच्या मूत्रातून वर्षाला २ ते ४ किलोग्रॅम नत्र बाहेर पडते. म्हणजे ४५ किलोग्रॅम युरियाच्या एका पोत्यात जेवढे नत्र असते, तेवढे साधारणतः ५ ते १० माणसे वर्षभरात टाकून देतात. हीच द्रव्ये नदीत उतरली की शेवाळ व जलपर्णी माजतात. त्या कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो आणि मासे गुदमरतात. रायपूरची तहान भागविणाऱ्या खारून नदीलाच शहराचे नालेही मिळतात.

छत्तीसगडला मूत्राचे मोल अपरिचित नाही. २८ जुलै २०२२ पासून गोधन न्याय योजनेखाली तेथील सरकारने गोमूत्र लिटरमागे ४ रुपये देऊन विकत घेतले होते. गाईच्या बाबतीत जे पटले, ते माणसाच्या बाबतीत का पटू नये?

किळस हे उत्तर पुरेसे नाही. बंद टाकीत साठविलेल्या मूत्रातील युरियाचे अमोनियात रूपांतर होते, द्रव अल्कधर्मी बनतो आणि रोगजंतू मरतात. २० अंश सेल्सियस वा अधिक तापमानात ६ महिने साठविलेले मूत्र सर्व पिकांना वापरता येते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे मार्गदर्शन आहे. स्वित्झर्लंडमध्ये मूत्रापासून केलेल्या ‘ऑरिन’ या द्रवखताला २०१८ मध्ये खाद्यपिकांसाठीही मान्यता मिळाली. औषधांचे अंश त्यातून सक्रिय कोळशाने काढून टाकतात.

एक अट मात्र कसोशीने पाळावयास हवी. खताच्या नावाखाली कोणाच्याही माथी पुन्हा मैला वाहण्याचे काम येता कामा नये; २०१३ च्या कायद्याने ती प्रथा निषिद्ध ठरविली आहे. म्हणून मूत्र पाण्याविना, नळीवाटे थेट बंद टाकीत जावे व तेथून यंत्रानेच उपसले जावे.

सारे शहर एकदम बदलणे शक्य नाही, आवश्यकही नाही. एका बाजारपेठेतील सार्वजनिक मुताऱ्यांपासून आरंभ करावा, साठविलेले खत धानाच्या एखाद्या शेतात घालावे, आणि शेजारच्या शेताशी उत्पन्न ताडून पाहावे. नगरपालिका, कृषिविद्यालय आणि शेतकरी यांनी मनावर घेतल्यास हे अवघड नाही. केरातून सोने वेचणाऱ्या पेठेला हा व्यवहार तोट्याचा वाटू नये.