तीन अक्षरांचा सारा

ज्याच्या हातीं वस्तु आहे त्यानें ती चांगल्या उपयोगास लावावी, नाहीं तर जो अधिक दाम देईल त्याला ती सोडावी, हा सिद्धान्त अलीकडे अर्थशास्त्रज्ञांत आणि संगणकपंडितांत फार बोकाळला आहे. ब्लॉकचेनवरील आखूड नांवांच्या नूतनीकरणाचें शुल्क या तत्त्वावर ठरवावें, असें म्हणणाऱ्यांचा पक्ष आम्हांस साफ अमान्य आहे. आणि तो विद्वानांचा पक्ष असल्यामुळेंच त्याचें खंडन करणें अवश्य वाटतें.

प्रकरण थोडक्यांत असें आहे. इथेरियमच्या जाळ्यावर कोणास पैसे पाठवावयाचे तर बेचाळीस अक्षरांचा एक विलक्षण पत्ता लिहावा लागतो. त्याऐवजीं लक्षांत राहील असें नांव वापरतां यावें म्हणून २०१७ च्या मे महिन्यांत इथेरियम नेम सर्व्हिस सुरू झाली. २०१९ सालीं तिचें वार्षिक शुल्क ठरलें तें असें : पांच अगर अधिक अक्षरांच्या नांवास ५ डॉलर, चार अक्षरांस १६०, तीन अक्षरांस ६४०. रोमन मुळाक्षरें आणि दहा अंक यांपासून तीन अक्षरी नांवें होतात अवघीं ४६,६५६. टंचाई खरी आहे हें कोणीही नाकारूं नये. २०२२ च्या जुलैंत तीन शून्यांचें एक नांव ३०० ईथरांस विकलें गेलें. त्या दिवसांच्या भावानें ही रक्कम तीन लक्ष डॉलरांच्या वर जाते.

येथेंच प्रतिपक्ष आपला मुद्दा मांडतो. तीन लक्षांची वस्तु सहाशें चाळीस डॉलरांत वर्षभर दाबून ठेवतां येते, मग साठेबाज ती कां सोडील? १९६२ सालीं अर्नोल्ड हार्बर्गर यांनीं असें सुचविलें होतें कीं, मालकानें आपल्या मालमत्तेची किंमत स्वतःच सांगावी, तिच्यावर कर भरावा, आणि त्या किंमतीस कोणीही मागितल्यास ती विकावी. पोस्नर आणि वेल या ग्रंथकारांनीं २०१८ सालीं ही कल्पना जवळजवळ सर्व मालमत्तेस लावून दाखविली. इथेरियमचे जनक व्हिटालिक ब्यूटेरिन यांनीं २०२२ च्या सप्टेंबरांत, नांवांवरील शुल्क मागणीच्या मानानें वाढावें कीं काय, हाच प्रश्न एका निबंधांत चर्चिला.

युक्तिवाद सुबक आहे, पण त्याचा पाया कच्चा आहे. शहरांतील मोकळ्या जागेचें मोल शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या उद्योगानें वाढतें, म्हणून त्यांतील वांटा समाजानें मागावा हें समजूं शकतें. नांवाचें मोल मात्र पुष्कळदां तें धारण करणाराच घडवितो. पांच वर्षें ज्या नांवावर गिऱ्हाइकांनीं पैसे धाडले, तें नांव उद्यां दुसऱ्याच्या हातीं गेलें तर जुन्या मालकाची हानि होते इतकेंच नव्हे. संवयीनें धाडलेले पैसे तिऱ्हाइताच्या पदरांत पडतात. घर विकलें तर घरांत राहणारा बाहेर पडतो. नांव गेलें तर माणसाचें सोंग दुसरा घेऊं शकतो. शिवाय बोलीवर शुल्क ठरवावयाचें म्हणजे श्रीमंत वैऱ्यानें मोठी बोली लावावी आणि गरिबाचा सारा वाढावा! हा धोका ब्यूटेरिन यांच्याही लक्षांत आलेला आहे. त्यांच्या अनुयायांस मात्र तो क्षुल्लक वाटतो.

महाराष्ट्रास हा प्रयोग नवा नाहीं. रिकार्डोच्या खंडसिद्धान्तावरून प्रत्येक शेताचें निव्वळ उत्पन्न काढूं पाहणाऱ्या प्रिंगलसाहेबांची पुणें प्रांतांतील जमाबंदी अशीच शास्त्रशुद्ध होती. आकडे चुकले, सारा जड झाला, आणि शेतें ओसाड पडूं लागलीं. १८३६ सालीं इंदापुरांत गोल्डस्मिड आणि विंगेट यांनीं ती सोडून माफक आकार बसविला आणि तो तीस वर्षें स्थिर ठेवला. मुदत संपतांच पुन्हां जबर वाढ झाली, ओरड झाली. तेव्हां सरकारास वाढीवर मर्यादा घालावी लागली : तालुक्यावर शेंकडा ३३, एका गांवावर ६६, एका खात्यावर १००. त्या मर्यादा उदार होत्या असें आम्ही म्हणत नाहीं. पण वाढ कोठवर जाईल हें कुणब्यास आधीं कळूं लागलें.

याचा अर्थ २०१९ चा तक्ता वेदवाक्य आहे असा नव्हे. अक्षरें मोजण्याची त्याची रीतच मुळीं रोमन लिपीसाठीं घडलेली आहे. यंत्र देवनागरींतील काना, मात्रा, अनुस्वार सुटे मोजतें. 'राम' लिहिला कीं तीं तीन अक्षरें, म्हणून ६४० डॉलर. तोच रोमनमध्यें चार अक्षरें होऊन १६० डॉलरांत सुटतो. 'आई' तर दोनच अक्षरी असल्यामुळें मिळूंच शकत नाहीं. लांबी हें टंचाईचें माप म्हणून किती ओबडधोबड आहे हें यावरून दिसेल. जगांत 'राम' लिहिणारे किती, आणि अर्थहीन तीन रोमन अक्षरें साठविणारे किती!

टंचाईचें मोल घ्यावयाचें तें प्रवेशद्वाराशीं घ्यावें. २०१९ सालीं आखूड नांवांचा लिलाव झालाच होता. मुदत संपून नव्वद दिवसांची सवलतही सरली म्हणजे सोडलेल्या नांवाची किंमत दहा कोटि डॉलरांपासून एकवीस दिवसांत उतरत जावी, अशीही सोय झालेली आहे. तेथें धनिकांनीं हवी तेवढी चढाओढ करावी. नूतनीकरणाचें शुल्क मात्र एका वर्गांतील सर्वांस सारखें असावें, आणि वाढवावयाचें तर वाढीचें प्रमाण आधीं जाहीर असावें. '.कॉम' नांवांच्या घाऊक दरावर २०१८ च्या करारानें सहा वर्षांतील चारच वर्षीं, आणि वर्षास शेंकडा सातपर्यंतच, वाढ करण्याची मुभा ठेवली. मक्तेदार कंपनीस जें बंधन चालतें तें स्वतःस लोकसत्ताक म्हणविणाऱ्या संस्थेस कां जड व्हावें?

कारण या संस्थेचा कारभार २०२१ च्या नोव्हेंबरापासून टोकनधारकांच्या मतांनीं चालतो, आणि तेथें मत माणशी नसून टोकनागणिक आहे. नांवाच्या मालकीस धक्का लावूं नये असें तिच्या घटनेचें पहिलेंच कलम सांगतें. शुल्काचा मुख्य हेतु साठेबाजीस आळा हा आहे असें दुसरें. दुसऱ्याच्या आडून पहिलें पोखरलें जाऊं नये, एवढ्यासाठीं तिनें वाढीची कमाल मर्यादा, एक वर्षाची पूर्वसूचना आणि जुन्या दरानें पुढील वर्षांचें शुल्क भरून ठेवण्याचा हक्क, हीं तीन वचनें त्याच घटनेंत लिहून घ्यावीं. आणि तीं लिहिलीं जाईपर्यंत शुल्कवाढीचा कोणताही ठराव मतास टाकूं नये.