शेवटचे पाचशे किलोमीटर

11 जानेवारी 2021. सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेलं एअर इंडियाचं विमान उत्तर ध्रुवावरून बंगळुरूला उतरलं. कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सहकारी, साऱ्या स्त्री वैमानिक. अंतर जवळपास 14,000 किलोमीटर, वेळ सतरा तासांच्या आसपास. कॅलिफोर्नियाहून भारतात यायला ध्रुवाची वाट कशाला, असं सपाट नकाशा बघून वाटतं. घरातल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, तो आपसूक उत्तरेला सरकतो.

पण आमच्या धारवाडकरांचा हिशेब बंगळुरूला संपत नाही, तिथे तो सुरू होतो. विमानतळावरून शहरातलं स्टेशन गाठायचं, मग गाडी. 2023 च्या जूनपासून वंदे भारत आहे, तरी धारवाडपर्यंत साडेसहा तास जातातच. म्हणजे चौदा हजारांना सतरा तास आणि उरलेल्या पाचशेला, वाट बघणं धरून, निदान नऊ-दहा! हुबळीला विमानतळ आहे, पण जोडविमानाची वेळ जुळली तर.

कॅलिफोर्नियाला परतताना गणित आणखी बिघडतं. वर पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारे जोरदार वारे असतात, त्यामुळे जाण्या-येण्याची वेळ सारखी नसते. शिवाय घड्याळ हिवाळ्यात साडेतेरा तास मागे न्यायचं.

निघण्याच्या सकाळी मात्र धारवाडच्या लाईन बाजारात पेढ्यांसाठी रांग लावावीच लागते. बॅगेचा काटा तेवीस किलोवर थरथरतो, आणि आई म्हणते, "स्वेटर काढ, पेढे राहू देत."