उसाचे पेट्रोल आणि बाईची मोळी



पेट्रोलपंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात हे उद्दिष्ट २०३० सालासाठी होते. ते अलीकडे ओढून २०२५ मध्येच गाठले गेले. इंजिनाचे काय होणार, मायलेज किती घटणार, यावर वर्तमानपत्रांतून भरपूर चर्चा झाली. ती गाडीवाल्यांची चर्चा. जिच्या कोयत्याने या इंधनाचा कच्चा माल तुटतो, ती बाई त्यात कुठेच नव्हती. म्हणून या वेळचे संपादकीय इंधनावर.

खरे तर इंधन हा आपल्याकडे बाईचाच विषय. तुराट्या, पऱ्हाट्या, पाचट, बाभळीच्या काटक्या. तुराटी भरकन पेटते आणि लगेच विझते, बाभूळ उशिरा पेटते पण निखारा धरते, ओले लाकूड नुसते धुमसते, हे तिला कुणी शिकवावे लागत नाही. यामागचे शास्त्र साधे आहे. एक किलो कोरडे लाकूड सुमारे चार हजार किलोकॅलरी उष्णता देते. लाकूड ओले असेल तर त्यातली बरीचशी उष्णता त्याच्यातच मुरलेले पाणी उकळण्यात खर्ची पडते, आणि उरतो धूर. तीन दगडांच्या चुलीत तर भांड्यापर्यंत जेमतेम दहावा हिस्सा पोचतो. बाकीच्या वाया गेलेल्या उष्णतेसाठीही लाकूड डोक्यावरून वाहून तिनेच आणलेले असते.

इथेनॉल हीसुद्धा वनस्पतीत साठलेली सूर्याची उष्णताच. साखर किंवा पिष्ट आंबवून, ऊर्ध्वपातन करून काढलेली. त्याच्या रेणूत प्राणवायू असल्याने ते पेट्रोलपेक्षा स्वच्छ जळते, त्याचा ऑक्टेन अंकही जास्त. पण लिटरमागे उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच, आणि हवेतले पाणी ते ओढून घेते. पूर्वी साखर काढून उरलेल्या मळीपासून ते बनत असे. एक टन उसामागे दहा-अकरा लिटर. २०१८ नंतर उसाच्या रसापासून थेट इथेनॉल काढण्याला उत्तेजन मिळाले, आणि त्या मार्गाने एका टनातून सुमारे ७० लिटर मिळते. आता देशपातळीवर मक्याने उसाला मागे टाकले आहे. महाराष्ट्रात मात्र ऊसच.

आता हिशेब मांडू. रसापासूनच्या इथेनॉलला सरकारने २०२२-२३ मध्ये लिटरला ६५ रुपये ६१ पैसे दर ठरवून दिला. म्हणजे टनामागे साडेचार हजारांहून अधिक. यातून शेतकऱ्याचे ऊसबिल आणि कारखान्याचा खर्च जातो, हे मान्य. पण तोच एक टन ऊस तोडून, सोलून, मोळ्या बांधून, गाडीत भरून देणाऱ्या जोडप्याला जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ मिळाल्यावर ३६६ रुपये मिळू लागले. जोडप्याला! कारण कारखान्याच्या भाषेत नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल मुकादम नवऱ्याच्या हाती देतो, हिशेब नवऱ्याच्या नावावर. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते ती बाई. कागदावर ती अर्धा कोयतासुद्धा नाही.

खाडा झाला की दंड. पाळी असो, पोटात दुखत असो, खाडा तो खाडाच. यातून काय घडले ते आपण २०१९ मध्ये पाहिले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. मी याच बायकांबरोबर काम करते. फडावरून परतल्यावर कोपीपुढे तीन दगड मांडून त्या पाचटावर भाकरी भाजतात. गाडीसाठी स्वच्छ इंधन तोडणाऱ्या बाईच्या डोळ्यांत धूर, याला धोरणाच्या कागदात रकाना नाही.

आणि हे उसापुरते नाही. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाच्या बियांपासून बायोडिझेल करण्याची मोठी योजना सुचवली. का, तर ते 'पडीक' जमिनीवर वाढते. पडीक म्हणजे कोणती? गायरान, माळ, गावकुसाबाहेरची जमीन. जिथून भूमिहीन बाई सरपण आणते आणि शेळी चारते. मोगली एरंडाला शेळी तोंड लावत नाही, बिया विषारी. तेलाचे पीक अंदाजाइतके आलेच नाही, योजना बारगळली. जमिनीला पडीक ठरवताना त्या बाईला मात्र कोणी विचारले नव्हते.

आज तोच प्रश्न पऱ्हाट्यांबाबत उभा आहे. त्या दाबून कांड्या करतात, बाजारात त्यांना 'पांढरा कोळसा' म्हणतात आणि कारखान्यांच्या बॉयलरमध्ये त्या जळतात. औष्णिक वीजकेंद्रांतही कोळशात अशा कांड्या मिसळणे सरकारने बंधनकारक केले आहे. शेतात पऱ्हाटी जाळून टाकण्यापेक्षा हे चांगलेच. पण फुकट होती तोवर पऱ्हाटी बाईची होती. भाव आला की ती सातबाऱ्यावर नाव असलेल्याची होते. मजुरीवर कापूस वेचणाऱ्या बाईला जाताना मिळणारा भारा यातून बंद होणार असेल, तर तिचा सिलिंडर भरून देण्याची जबाबदारी कुणाची?

वेगळे करता येत नाही असे नाही. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने शेतात जाळल्या जाणाऱ्या पाचटापासून कोळशाच्या कांड्या करण्याची साधी भट्टी बनवली. २००२ मध्ये तिला अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. एका कुटुंबाला चालवता येईल इतका तो धंदा लहान आहे. असे उद्योग बचतगटांकडे यावेत, आणि इथेनॉलच्या विक्रीतून लिटरमागे ठराविक रक्कम ऊसतोड बाईच्या स्वतःच्या खात्यावर, आरोग्य आणि प्रसूतिरजेसाठी जमा व्हावी, अशी मागणी आपण करायला हवी. त्याआधी प्रत्येक बाईची नोंद तिच्या नावाने, स्वतंत्र कामगार म्हणून व्हायला हवी. 'अर्धा कोयता' आपण मान्य करणार नाही.

तुमच्या भागात पऱ्हाट्या-तुराट्या कोण विकत नेते, काय भावाने, पैसे कुणाच्या हाती पडतात आणि बायका आता चुलीत काय जाळतात, एवढ्या चार गोष्टी विचारून लिहून पाठवा. टोळ्या फडावर जायच्या आत, दिवाळीपूर्वी पत्रे आली तर पुढच्या अंकात ती एकत्र छापू.